तुटलेल्या गोफणीचा दगड

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज सकाळी सहा वाजता मी वावरात जाऊन गोफण फिरवली. शेवटची फिरवली तेव्हा दहावीत होतो, आता पन्नासावं चालू आहे. घरात गोफण नव्हतीच. काल संध्याकाळी सुतळी वळली, मधे गोणपाटाचा तुकडा शिवला आणि नवी केली. दगडाऐवजी ओल्या मातीचे लिंबाएवढे गोळे घेतले. आसपास कोणी नव्हतं, तरी दगड घ्यायला हात धजला नाही.

पाहायचं एवढंच होतं, की गोळा नाल्याच्या बाजूला आला असताना दोरी सोडली तर तो नाल्यात जातो की नाही. नऊ गोळे टाकले. एकही नाल्यात गेला नाही. दोन कपाशीत पडले, बाकीचे सगळे विहिरीच्या अंगाला. थोडा वारा होता. शिवाय हाताला सवय राहिलेली नाही. यावरून काही ठरवता येत नाही.

माझी बायको माणिकबाई मेथी उपटायला आली होती. बांधावर उभी राहून पाहत होती.

"अवो, मेथीले कोणतं पाखरू खाऊन राहिलं?"

"पाखरासाठी नाही."

"मंग काय मायासाठी फिरवून राहिले?"

मी दोरी गुंडाळली. तिला सांगण्यासारखं अजून माझ्याजवळ काही नाही. पण इथे लिहून ठेवतो. ही वही मुलांच्या जुन्या जर्नलांतली कोरी पानं काढून शिवली आहे, ती कोणी वाचत नाही.

काल कॉलेजात बारावीचं प्रॅक्टिकल होतं. अकोटच्या या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर म्हणून मला बावीस वर्षं झाली. वर्तुळाकार गतीच्या प्रयोगाची मांडणी दरवर्षी मीच करतो. काचेच्या नळीतून दोरा घालायचा, वरच्या टोकाला रबरी बूच, खाली वजनं. नळी हातात धरून बूच डोक्यावर गरगर फिरवायचं. काल करिश्मा नावाच्या मुलीचा दोरा तुटला, बूच कपाटावर आदळलं आणि काच तडकली. दोरा जुना होता. मीच दिलेला.

मी म्हणालो, "मॅडम, बूच कपाटाच्या बाजूला असतानाच दोरा तुटला, म्हणून कपाटावर गेलं."

गीतांजली मॅडम यंदाच आल्या आहेत, तिशीच्या असतील. हसून म्हणाल्या, "नाही दादा. तसं असतं तर ते खिडकीतून बाहेर गेलं असतं. दोरा तुटला तेव्हा बूच फळ्याच्या बाजूला असणार. दोरा तुटल्यावर वस्तू बाहेरच्या बाजूला फेकली जात नाही. त्या क्षणी जिकडे चाललेली असते, तिकडे सरळ निघून जाते."

मुलींनी ते जर्नलमध्ये लिहून घेतलं. मी काचा गोळा केल्या.

मॅडम चुकल्या असाव्यात. कारण त्या बरोबर असतील, तर चौतीस वर्षांपूर्वी मी जे सांगितलं ते चूक ठरतं.

तेही आजच लिहितो. १९९१ च्या कार्तिकात आमच्या ज्वारीत दोन मचाणं होती. एकावर मी, दुसऱ्यावर माझा चुलतभाऊ किशोर. दोघेही पंधरा वर्षांचे. माझं तोंड बाभळींकडे, पाठ नाल्याकडे, उजव्या हाताला विहीर. गोफण फिरवताना माझी सुतळी तुटली. दगड पाठीमागे असताना तुटली, हे मला पक्कं आठवतं, कारण सुतळीचं टोक फटकन मानेवर बसलं होतं. त्याच वेळी किशोरने विहिरीच्या दिशेने दगड सोडला. आणि शेजारची दहा वर्षांची जयवंता, विहिरीवर पाण्याला आलेली, किंचाळून खाली बसली. तिचा डावा डोळा गेला.

काकाच्या अंगणात गावातले मोठे लोक बसले. मला विचारलं. मी देवाची शपथ घेऊन म्हटलं, माझी सुतळी तुटली तेव्हा दगड नाल्याच्या बाजूला होता, तो नाल्यात गेला. मग राहिला एकच दगड. किशोर रडत म्हणत होता की त्याचा दगड विहिरीवरून पलीकडे गेला. कोणी ऐकलं नाही. गोवर्धन खोटं बोलत नाही, असं माझं नाव होतं. महिनाभरात काकाने किशोरला अमरावतीला त्याच्या मामाकडे नेऊन टाकलं. त्याची दहावी राहिली ती राहिलीच. गणितात तो माझ्या पुढे होता.

मी खोटं बोललो नव्हतो. हे मी अजूनही म्हणू शकतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना म्हटलं, मला ते प्रकरण शिकायचं आहे, गणितांसकट. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

"दादा, पुस्तक इंग्रजीत आहे."

"अक्षरं ओळखतो. बाटल्यांवर चिठ्ठ्या मीच लावतो ना."

त्यांनी स्वतःची जुनी प्रत दिली आणि प्रकरणाच्या शेवटच्या चौदा गणितांवर पेन्सिलीने खुणा केल्या. पहिलं असं: दोनशे ग्रॅमचा दगड एक मीटर दोरीला बांधून आडव्या वर्तुळात मिनिटाला साठ फेरे या वेगाने फिरवला, तर दोरीतला ताण किती? मधल्या सुट्टीत बसलो. उत्तर आलं अठ्ठावीस हजारांच्या वर.

मॅडम म्हणाल्या, "दादा, एवढ्या ताणाला विहिरीवरचा नाडासुद्धा तुटेल." ग्रॅमचे किलो केले होते, पण फेरे मिनिटाचेच धरले होते. दुरुस्त केल्यावर आलं सात पूर्णांक नऊ. पाऊण किलोच्या वर थोडं वजन हाताने ओढून धरावं, एवढा ताण.

उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळलं तेव्हा बरं वाटलं. पण या गणितात दोरी तुटत नाही. तुटते ते गणित पुढे आहे. मी क्रमानेच जाणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

अकोल्याला गेलो होतो. जठारपेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मराठीतलं भौतिकशास्त्र मिळालं, माझ्या वयाचंच असेल. इंग्रजीत जे अडलं होतं ते बसमध्ये उभ्या उभ्याच समजलं. फिरणाऱ्या वस्तूची दिशा क्षणाक्षणाला बदलत असते. ती बदलवण्याचं काम दोरी करते, आत ओढून. दोरी नसली की बदलवणारं कोणी नाही. मग वस्तू सरळ जाते. वर्तुळाला त्या जागी जी रेषा नुसती टेकते, त्या रेषेने. स्पर्शिका.

वाचलं म्हणजे पटलं असं नाही. घरी आल्यावर माणिकबाईची एक फुटकी बांगडी शोधली, बोटभर तुकडा निघालेली. फरशीवर ठेवली आणि आतून एक वाटाणा कडेकडेने जोरात फिरवला. वाटाणा बांगडीच्या कडेने धावत तुटलेल्या जागेपाशी आला आणि तिथून सरळ निघून गेला. बाहेरच्या बाजूला उडी मारली नाही. वीस वेळा केलं. वीस वेळा तेच.

माणिकबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी त्या दिवशी गोफण, आज बांगडी. काय शोधून राहिले सांगान का नाही?"

मी सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. किशोरची गोष्ट तिला गावाकडून माहीत होती, माझ्याकडून कधी नाही. तिने ताट बाजूला ठेवलं. एक वाटाणा उचलला, स्वतः बांगडीत फिरवला. तो चुलीकडे गेला. दुसरा फिरवला. तोही तिकडेच.

"म्हंजे तुमचा दगड मांगं व्हता, अन् गेला उजव्या हाताले."

"एवढ्यावरून नाही म्हणता येत. वाटाणा वेगळा, गोफण वेगळी."

"हो ना," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ घेतले. "गोफणीतला दगड तुमचं आयकते, वाटाणा आयकत नाही."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सहा गणितं झाली. आज शंकूसारखा फिरणारा लंबक. यात दोरी तिरपी राहते, म्हणजे ताणाचा एक भाग वजन उचलतो आणि दुसरा भाग वस्तूला वळवतो. हे फार आवडलं. एकच दोरी दोन कामं करते आणि आपण म्हणतो की ती नुसती धरून आहे.

सकाळी पूजेला बसलो तर मंत्र म्हणता म्हणता कोनाचा कोसाइन आला. देव समजून घेईल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी गोदाबाई काकूकडे पालक द्यायला गेलो. किशोरची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, स्वयंपाक अजून स्वतः करते. काका वारला तेव्हा किशोर आला होता. सगळे विधी केले आणि गावचं पाणी न पिता परत गेला. काकूच अधूनमधून अमरावतीला जायची, आता गुडघ्यांनी तेही बंद झालं.

काकू म्हणाली, "गोवर्धना, त्याले फोन लावून दे ना बापा. मले ते बटनं दिसत नाही."

मी लावून दिला. दोघं बोलत होती तोवर मी अंगणात उभा राहिलो. याच अंगणात ते लोक बसले होते. मी जिथे उभा होतो तिथे आता नळ आहे.

आतून काकूचा आवाज येत होता. "ये ना रे एकखेप. कोणी काही म्हणत नाही आता. सगळे इसरले." मग, "बरं. जेवला का?"

निघताना तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, "तूच तं हायस मले."

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मोजमाप केलं. सगळं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला माघार घेता येणार नाही.

माझं मचाण हिवराच्या झाडाला बांधलेलं होतं. झाड आहे. विहीरही तीच. झाडापासून विहिरीचा जवळचा काठ चौदा मीटर, पलीकडचा सतरा. जयवंता नेमकी कोणत्या काठाला होती ते मला आठवत नाही.

गोफण हातासकट एक मीटर. दगड दीडशे ग्रॅमचा धरला. आम्ही नाल्यातले तेवढेच निवडायचो, तसा एक आणून प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलला. माणिकबाईने मोबाईल धरून फेरे मोजले. दहा सेकंदांत अठ्ठावीस. म्हणजे वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या थोडा वर. ताण साडेशेहेचाळीसच्या आसपास, जवळजवळ पावणेपाच किलो वजनाएवढा.

मचाण तीन मीटर, त्यावर मी आणि वर केलेला हात. दगड जमिनीपासून पावणेपाच ते पाच मीटरवर फिरत असणार. दहा वर्षांच्या मुलीचा डोळा जमिनीपासून एक मीटर दहा. तेवढं खाली यायला दगडाला लागणारा वेळ एका सेकंदापेक्षा थोडा कमी. तेवढ्या वेळात तो जातो साडेपंधरा मीटर. पंधराव्या वर्षी मी जास्त जोराने फिरवत असणार. सेकंदाला तीन फेरे धरले तर साडेसोळा.

माझी शेवटची आशा होती की तुटलेल्या गोफणीचा दगड विहिरीपर्यंत पोचतच नसेल. पोचतो.

दिशा तर आधीच झाली होती. मी उजव्या हाताने फिरवतो. दगड मागून उजवीकडे, उजवीकडून पुढे असा येतो. मागे असताना तो उजवीकडे निघालेला असतो. उजवीकडे विहीर. बाभळीवर मारायचं असलं की मी दगड उजव्या बाजूला असतानाच सोडायचो, हजार वेळा सोडला असेल. हाताला सगळं माहीत होतं. मला विचारलं तेव्हा मी हाताला विचारलं नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. त्या दिवशी दोन दगड विहिरीच्या दिशेने गेले, एक त्याचा आणि एक माझा. तिला लागला तो कोणता? यासाठी गणित नको आहे. जयवंता किंचाळली त्याच क्षणी विहिरीच्या पलीकडच्या ज्वारीतून पाखरांचा थवा भर्रकन उठला होता. तिथे काहीतरी पडल्याशिवाय उठला नसता. किशोर म्हणत होता तेच. मी तो थवा पाहिला होता. पंचांनी मला सुतळीबद्दल विचारलं, पाखरांबद्दल विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

आणखी एक. सुतळी बोटापाशी विरली होती. बाबांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं, बदलून घे. हे आजपर्यंत मी कुठेच लिहिलं नव्हतं, या वहीच्या पहिल्या पानावरही नाही.

दगड माझा होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकरावं आणि बारावं गणित. मृत्यूच्या विहिरीतला मोटरसायकलवाला, आणि वळणावर आत झुकलेला रस्ता. दोन्ही बरोबर.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तेरावं. उभ्या वर्तुळात फिरणारी बादली, वर गेल्यावर पाणी सांडू नये म्हणून किमान वेग किती. बरोबर. मराठी पुस्तकातली जास्तीची आठही सोडवायला घेतली.

माणिकबाई म्हणाली, "उत्तर तं रविवारीच निंघालं ना? मंग आता हे कायचं सोडवून राहिले?"

"प्रकरण पूर्ण करतोय."

"करा. काकू हाये अठ्ठ्याहत्तर. पुस्तक केवढं हाये?"

राग आला. जेवलो नाही. नंतर उठून जेवलो. तिचं खरं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौदावं सुटलं. मॅडमनी वही पाहिली, प्रत्येक पानावर लाल टिक मारली आणि म्हणाल्या, "दादा, माझ्या वर्गात ही चौदा सोडवणारे चारजण नाहीत. पुढचं प्रकरण घ्यायचं?"

"नाही मॅडम. मला याच प्रकरणाचं काम होतं."

"कसलं काम?"

सांगावंसं वाटलं. पण ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा नाही. मी म्हटलं, "कपाटाची काच. तुमचं बरोबर होतं. बूच फळ्याच्या बाजूलाच होतं. आणि दोरा जुना होता, तो मी बदलायला हवा होता. करिश्माला तसं सांगा."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. काचेसाठी कोणी दोन आठवडे गणितं सोडवत नाही, हे त्यांना कळलं असावं.

३० नोव्हेंबर, रविवार

पहाटेच्या बसने दर्यापूरवरून अमरावती. अंबादेवीच्या रस्त्यावर किशोरचं हारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, वर ताडपत्री. तो झेंडू ओवत बसला होता. केस माझ्यापेक्षा जास्त पिकले आहेत. मला पाहिल्याबरोबर उठला.

"माय बरी हाये ना?"

"बरी आहे."

"मंग तू काहून आला बे?"

मी बाकावर बसलो आणि सांगितलं. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. विरलेली सुतळी, मानेवर बसलेला फटका, उठलेली पाखरं, सगळं उलटसुलट क्रमाने बाहेर आलं. त्याचे हात ओवायचे थांबले नाहीत. एका बाईला हार दिला, सुट्टे परत केले, पुन्हा बसला.

"मले तं वाटे तो माह्याच व्हता," तो म्हणाला.

मला कळेना. "तूच तर म्हणत होतास, तुझा पलीकडे गेला."

"म्हणत व्हतो. दोनतीन वर्सं म्हटलं. मामाले सांगो, मामीले सांगो. मंग एक दिवस वाटलं, गोवर्धन तं खोटं बोलत नाही. तेचा दगड नाल्यात गेला असंन तं माह्याच लागला. माया डोळ्यानंच चुकीचं पाह्यलं." सुई त्याने ताडपत्रीच्या दोरीला अडकवली. "तू खोटाडा असता ना लेका, तं मी वाचलो असतो."

चौतीस वर्षं मी खोटं बोललो नाही यावर टेकून उभा होतो.

"तिच्यासाठी मंगळवार धरतो मी," तो म्हणाला. "ब्याण्णवपासून. तिचा दुसरा डोळा सलामत राह्यला पायजे म्हणून."

"आता सोडलेस तरी चालेल."

"सोडू काहून? डोळा तं तिचाच हाये ना."

मग म्हणाला, "पण मले समजून सांग. मांगं असलेला दगड बाजूले कसा जाते?" मी टेबलावरचा दोरा घेतला, टोकाला झेंडू बांधला, फिरवायला लागलो. त्याने माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः दोन वेळा फिरवला, आपल्या मागे पाहत पाहत, आणि सोडला. झेंडू उजवीकडच्या चहावाल्याच्या उकळत्या चहाच्या गंजात पडला.

"किशोरभाऊ!" चहावाला ओरडला. "देवीले वाहाचं का मले?"

किशोर हसला नाही. बोटाने टेबलावरच्या ओल्या जागेत एक गोल काढला आणि त्याला टेकणारी एक रेघ. दहावीच्या भूमितीतली. मी तीन आठवडे घेतले, त्याला दोन मिनिटं लागली. ती रेघ वाळेपर्यंत तो पाहत राहिला. मग पदराने पुसतात तसं शर्टाच्या टोकाने डोळे पुसले आणि दोन कप चहा सांगितला.

निघताना म्हणाला, "मले सांगतलं, झालं. जयवंताले नोको सांगू."

"का?"

"तिले मले शिव्या द्यायची सवय पडली. तू तिच्या शेजारी राहतं. रोज तोंड दिसते तुमाले एकमेकाचं. अन् आता कोणाले याद हाये? मायले सांग, तेवढं बस झालं."

२ डिसेंबर, मंगळवार

काकूला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल किंवा मला उठून जा म्हणेल.

म्हणाली, "मले पैलेपासून ठावं व्हतं म्हणाले मन करते रे. पण नव्हतं ठावं. म्याही त्यालेच धरलं. माय असून."

आज गूळ दिला नाही. दारापर्यंतही आली नाही. जे व्हायला हवं तेच झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

किशोरचं म्हणणं दोन दिवस डोक्यात फिरतंय. मोह होतो, कारण ते दयेने म्हटलेलं आहे आणि माझ्या सोयीचं आहे. जयवंताचा नवरा घरजावई म्हणून इथेच राहिलेला सरळ माणूस, तिची नातवंडं आमच्या अंगणात खेळतात. तिला सांगून तिचा डोळा येणार नाही. उलट, एवढी वर्षं जिच्या हातची पहिल्या तोडणीची वांगी आपल्या घरी येतात, ती उद्यापासून काय करेल?

पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तिच्या गोष्टीतला माणूसच चुकीचा आहे. तो चुकीचा माणूस मी तिला दिला. किशोर ते सोसायला तयार आहे म्हणून ते बरोबर होत नाही. सोडवलेलं उत्तर वहीत ठेवून पेपर कोरा द्यायचा, असं मला करायचं नाही.

माणिकबाईला म्हटलं, "जयवंताला सांगणार आहे."

"कवा?"

"शनिवारी."

"मी येऊ?"

"नको."

"बरं," ती म्हणाली. "वांगे मी इकत आणीन."

६ डिसेंबर, शनिवार

कॉलेजात अर्धी रजा टाकली आणि अकोटच्या भाजीबाजारात गेलो. जयवंता तिथे रोज बसते, आमच्या गावच्या सातआठ बायामाणसांच्या रांगेत. घरी सांगायचं ठरवलं होतं, पण घरी तिच्यासमोर नातवंडं असतात.

ती वांग्यांवर पाणी शिंपडत होती. "काय गोवर्धनभाऊ, आज कालेजले सुट्टी?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "जयवंता, तुझ्या डोळ्याला लागलेला दगड किशोरचा नव्हता. माझा होता." मग बाकीचं सांगितलं. सुतळी विरलेली होती आणि मी ती बदलली नाही. दगड नाल्यात गेला असं मी म्हटलं ते चूक होतं, तसा तो जाऊच शकत नाही. पाखरं पलीकडून उठलेली मी पाहिली होती आणि बोललो नव्हतो. काहीच कमी केलं नाही. क्षमा कर असंही म्हटलं नाही, कारण ते मागणं तिच्यावर ओझं झालं असतं.

मधेच एक गिऱ्हाईक आलं. तिने त्याला अर्धा किलो वांगी तोलून दिली. तोलताना तिची मान नेहमीसारखी डावीकडे वळली, उजव्या डोळ्याला काटा दिसावा म्हणून. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली,

"चौतीस वर्सं लागले तुमाले?"

"मला येत नव्हतं ते. आत्ता शिकलो."

"शिकले." तिने हातातलं पाणी झटकलं. "म्या त्या माणसाले काय काय नाही म्हटलं. तेच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली व्हती घरी. चुलीत घातली म्या. बिनवाचता."

मी मान खाली घातली.

"खाली काहून पाहता? मायाकडे पाहा."

पाहिलं. दोन्ही डोळ्यांकडे. एवढी वर्षं शेजारी राहून मी तिच्या डाव्या बाजूला कधी नीट पाहिलं नव्हतं, हे त्या वेळी समजलं.

"तुमच्याशी बोलाचं का नाही, ते मी मांगून ठरवीन," ती म्हणाली. "आज मले सुचत नाही. पण तेव्हा तुमी एकट्या मले नव्हतं सांगतलं. साऱ्या गावाले सांगतलं व्हतं. आता मायाच कानात येऊन काहून सांगता?"

तिने हात लांब करून रांग दाखवली. केशरबाई, देवानंद, आणखी पाचसहाजण, सगळे आमच्याच गावचे. काहीजण आधीच आमच्याकडे पाहत होते.

तिच्या टोपलीचा आधार घेऊन उठलो, रिकाम्या ओट्यावर चढलो. म्हटलं, "माझं ऐका. एक्याण्णव साली जयवंताच्या डोळ्याला लागलेला दगड किशोरचा नव्हता. तो माझा होता. मी तेव्हा शपथेवर चुकीचं सांगितलं."

रांगेतल्या शेवटच्या माणसाने कानामागे हात धरला. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मी तेच शब्द पुन्हा, मोठ्याने सांगितले.